लाकडी डेकवर डोहाळजेवण करायचं ठरतंय. आधी काय काय तपासून घेऊ?

किल्ल्यासमोर · सातारा · १४ एप्रिल

नमस्कार मंडळी.

आमचं घर यवतेश्वराच्या घाटाखाली, उतारावर आहे. पुढून बघितलं तर बैठं, मागून बघितलं तर दुमजली. २०१६ ला ह्यांचे निवृत्तीचे पैसे आले आणि ह्यांनी हौसेनं मागच्या बाजूला लाकडी डेक करून घेतला. भिंतीपासून बाहेर १२ फूट, लांबी १६ फूट. बाहेरच्या कडेला उभं राहिलं की खाली नऊ फूट जमीन आणि समोर अख्खा अजिंक्यतारा. संध्याकाळचा चहा आम्ही तिथंच घेतो. एवढं सुख दुसऱ्या कुठल्या खर्चानं दिलेलं नाही, हे आधीच कबूल करते.

आता मुद्दा. धाकटीचं डोहाळजेवण १७ मेला आहे आणि तिला ते डेकवरच हवंय, का तर फोटोत किल्ला येतो. बायका तीस तरी येतील. त्यात आमच्या जावा-नणंदा आल्या की फुगडी होणार म्हणजे होणार.

परवा फरशीपुसण्यानं डेक पुसत होते. तुळशीच्या कुंडीजवळच्या फळीवर पाय दिला तर ती कुरकुरली. हलली नाही, नुसती कुरकुरली. पण आवाज कोरडा नव्हता. ओल्या पायताणासारखा होता. तेव्हापासून मनात घर करून बसलाय.

ज्यानं डेक केला त्या सुताराला फोन लावला. त्यानं फोनवरच निदान केलं, "काकू, दोन हात पॉलिशचे मारू, नवा होतोय." ह्यांचं म्हणणं, "माझ्या साठीला पंचवीस माणसं होती, काय झालं?" साठीला चार वर्षं झाली. म्हणजे चार पावसाळे. आणि आमच्याकडचा पावसाळा म्हणजे नुसता पाऊस नाही, जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुकं घरात येऊन बसतं, वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीसुद्धा दमट असतो.

मी पोस्टात ३१ वर्षं काढली. काट्यावर ठेवल्याशिवाय पार्सल घेतलं नाही कधी. तेव्हा मला "काही होत नाही" हे उत्तर नको आहे. नेमकं कुठं बघायचं, कशानं बघायचं, वर्षातून किती वेळा, आणि तीस बायकांचं वजन पेलतंय का ते कसं ठरवायचं, हे कुणी सांगेल का? लाकडातलं मला काही कळत नाही. फळ्या सागवानी आहेत एवढं माहीत आहे. एका मोडलेल्या वाड्याच्या आणल्या होत्या.

सरळ_सोट · सातारा · १४ एप्रिल

काकू, सगळं काढून लोखंडी फ्रेम आणि सिमेंट शीट टाका. कटकट संपली.

किल्ल्यासमोर · १४ एप्रिल

दादा, लोखंडसुद्धा आमच्या धुक्यात गंजतंच. गेटची कडी दर दोन वर्षांनी बदलते. आणि उन्हाळ्यात त्या शीटवर अनवाणी बसून दाखवा, मग बोलू.

उथळा · वाई · १५ एप्रिल

ताई, तुमचा कान चांगला आहे. ओल्या पायताणाचा आवाज हे मी ३४ वर्षं बांधकाम खात्यात काढून ऐकलेलं सगळ्यांत नेमकं वर्णन आहे. निवृत्त आहे, ओव्हरसिअर म्हणून लागलो होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाईत आमचा कडीपाटाचा जुना वाडा आहे आणि त्याचा नदीकडचा सज्जा मी माझ्या हातानं कुजवलेला आहे.

कसा ते सांगतो. दर दिवाळीला मी सज्जाच्या फळ्यांना बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, लावायचो. आठ वर्षं न चुकता. फळ्या अशा चमकायच्या की पाहुणे चपला काढून ठेवायचे. एके वर्षी चुलतभाऊ कोपऱ्यात उभा राहून सुपारी कातरत होता आणि कोपरा त्याच्यासकट सहा इंच खाली बसला. खाली गेला नाही, हे नशीब. फळीला काहीच झालं नव्हतं. फळीखालच्या कडीचं, म्हणजे फळ्या पेलणाऱ्या आडव्या लाकडाचं, भिंतीतलं टोक आतून पार पोकळ झालं होतं, हातात घेतलं तर तपकिरीसारखं भुकटं झालं. आठ वर्षं मी त्याच्या डोक्यावर तेल चोळत होतो.

म्हणून माझा पहिला नियम: डेक वरून बघायचा नाही. आधी खाली जायचं. दिवसा जा, टॉर्च न्या, आणि आत शिरण्याआधी काठीनं पाचोळा हलवा. तुमच्या त्या उतारावर घोणस असणार, आणि डेकखालची सावली तिला आपल्याइतकीच आवडते.

खाली गेलात की सगळ्यांत आधी भिंतीकडचा सांधा बघा. डेक बाहेरच्या बाजूला खांबांवर उभा असतो, पण घराच्या बाजूला तो बहुतेक वेळा भिंतीला ठोकलेल्या एका आडव्या लाकडावर टेकलेला असतो. मी त्याला भिंतपट्टी म्हणतो. निम्मा भार तिच्यावर. डेक पडतात ते बहुतेक इथून सुटून पडतात, मधली फळी मोडून फार कमी. ही पट्टी कशानं धरली आहे ते बघा. षटकोनी डोक्याचे बोल्ट दिसले, खाली मोठे वायसर असले, तर बरं. नुसती मोळ्यांची गोल डोकी दिसली तर वाईट. मोळा खाली दाबणारं वजन काही काळ सोसतो, पण बाहेर ओढलं की दाताच्या मुळासारखा हलत हलत निघतो. पट्टी आणि भिंत यांच्या फटीत पोस्टकार्ड जातंय का बघा. तुमच्याकडे असेलच एखादं. दोन वर्षांपूर्वी जात नव्हतं आणि आज जातंय, तर डेक घरापासून सुटतोय असं समजा.

तिथंच वरून पाणी उतरल्याच्या खुणा शोधा. काळे पट्टे, गंजाचे तांबडे ओघळ, पांढरी बुरशी. पट्टीच्या वर भिंतीत खोचलेली पत्र्याची वळचण असायला हवी, पाणी मागे न शिरता पुढे पडावं म्हणून. आपल्याकडचे लोक ती हमखास विसरतात.

मग टोच्या घ्या. नसला तर स्क्रू ड्रायव्हर. कड्यांची टोकं, खांबांचे पाय, जिन्याच्या खालच्या पायरीची बैठक आणि कुंडीखालची जागा, एवढ्या ठिकाणी टोचून बघा. चांगलं लाकूड टोच्याला दाद देत नाही, आणि उचकटलं तर लांब धागा निघतो. कुजलेलं लाकूड आवाज न करता आत घेतं आणि उचकटलं की ढोकळ्यासारखं आखूड तुकड्यात तुटतं. हातानं दाबून पाव इंचाच्या पुढे गेला तर ती जागा गेली असं धरा. हातोडीच्या दांड्यानं वाजवूनही बघा. ठणठणीत की ढप्प, हे पोस्टातल्या माणसाला सांगायला नको, शिक्का उमटला की नाही ते तुम्ही आवाजावरून ओळखत असाल.

कुंडीचं वेगळं सांगतो. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कुजवणारी बुरशी धरत नाही. पावसानं डेक भिजतो त्याचं मला भय नाही, तो वाळत नाही त्याचं आहे. रोज तांब्याभर पाणी घातलेली तुळस फळीवर थेट ठेवली तर कुंडीखाली बारा महिने श्रावण असतो. दोन फळ्यांमधल्या फटीत पाचोळा आणि माती अडकली तरी तेच होतं. फटी जुन्या करवतीच्या पात्यानं मोकळ्या करा, पाच-सहा मिलिमीटर आरपार उजेड दिसला पाहिजे.

खांब जमिनीत गाडलेत का? मग मातीच्या वर-खाली चार-चार बोटं नीट टोचा, खांब तिथंच जातो. वाईतल्या कुठल्याही जुन्या वाड्यात जाऊन बघा, लाकडी खांब दगडी उथळ्यावर, म्हणजे बैठकीच्या दगडावर, उभा असतो, मातीला शिवत नाही. पूर्वजांना बुरशीचं शास्त्र ठाऊक नसेल, पण खांब कुठून जातो ते ठाऊक होतं.

आता वजनाचं. आपल्या आयएस ८७५ या बांधकामाच्या भारतीय मानकात घराच्या बाल्कनीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरायला सांगितलंय, म्हणजे साधारण ३०० किलो. तुमचा डेक सुमारे १८ चौरस मीटर. त्या हिशेबानं बांधला असेल तर पाच टनांच्या वर पेलायला हवा. तीस बायका ६५ किलोनं धरल्या तर दोन टनांच्या आत. म्हणजे काळजी नाही? थांबा. फोटोसाठी सगळ्या किल्ल्याकडच्या कठड्याला गेल्या, समजा चार फुटांच्या पट्ट्यात, तर तेच वजन सहा चौरस मीटरवर आलं. चौरस मीटरला सव्वातीनशे झाले. वर फुगडीचा हिसका. आणि हा सगळा हिशेब नव्या, धडधाकट लाकडाचा.

कठड्याला कंबरेनं रेटून बघा, पण एकट्यानं नको, आणि मागं कुणीतरी धरलेलं असू द्या. उंची मीटरभर तरी हवी. बाकी खाली जाऊन या, मग बोलू. तोवर पॉलिश मारू नका. पॉलिशखाली मला काही दिसणार नाही.

गिरमिट · तासगाव · १५ एप्रिल

ताई, काका म्हणत्यात ते शंभर टक्के बरुबर. मी सुतारकाम करतो, वडलांपासनं. यक गोष्ट वाढवतो. तुमच्या वरच्या फळ्या सागाच्या हायत म्हणून खालचा सांगाडा बी सागाचा असंल असं धरू नका. मी बघिटलेल्या दहातल्या आठ ठिकाणी वरून कीर्तन आन् आतून तमाशा. वर साग, खाली निलगिरी न्हाईतर सिल्व्हर ओक. सिल्व्हर ओक तुमच्या पाचगणी पट्ट्यात मुबलक मिळतो, खोलीच्या आत चांगला ऱ्हातो, पर पावसात उघड्यावर टिकत न्हाई.

साग असला तरी बी गाभ्याचा का कडंचा ते बघा. गाभा तांबूस-तपकिरी आसतो. कडंचं पांढरं लाकूड सागाचं आसलं तरी कीड खातीच. त्याला साग म्हणून पैसं घेत्यात ती गोष्ट येगळी.

काळा भुंगा येतोय का? कडीच्या खालच्या अंगाला बोटायवढं गोल भोक आन् खाली पिवळा भुसा दिसला तर त्याचं घर हाय. यकदोन भोकानं काय व्हत न्हाई, वर्षानुवर्षं तिथंच वाढत गेलं तर कडी बासरी व्हती. वाळवी मात्र येगळी, ती खांबावरनं मातीची नळी करून चढती. नळी मोडा, दोन दिसांनी परत बांधली का बघा. बांधली म्हंजी चालू हाय.

आन् कुणी सांगितलं तरी जळकं ऑइल मारू नका. आमच्याकडं गोठ्याच्या लाकडाला मारत्यात. डेकवर पाय घसरतो, कपड्याला लागतं आन् आग लागली तर इझत न्हाई. बेलतेल लावलं तर फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. बेलतेलाचं फडकं वाळताना आतल्या आत तापतं, बोळा करून टाकला तर आपसूक पेट घेतं. पसरून वाळवायचं न्हाईतर पाण्याच्या बादलीत.

किल्ल्यासमोर · २० एप्रिल

जाऊन आले.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू खाली जाणार? ह्या वयात?" म्हणून दुपारी हे झोपल्यावर गेले. काठी, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर आणि एक पोस्टकार्ड, खरंच पोस्टकार्ड. धुण्याच्या साडीचा काष्टा मारला होता. घोणस नव्हती. मांजराची तीन पिल्लं होती, ती माझ्याकडे चोर बघावा तशी बघत होती.

उथळाकाका, भिंतपट्टीवर एकही षटकोनी डोकं नाही. सोळा फुटांत मोजून बावीस मोळे. सुताराचं एक मान्य करते, मोळे एका रेषेत आणि सारख्या अंतरावर आहेत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. डाव्या टोकाला पोस्टकार्ड आत गेलं. नुसतं गेलं नाही, सोडल्यावर आत पडलं. ते अजून तिथंच आहे. उजव्या टोकाला जात नाही. वर पत्र्याची वळचण नाही, तिथं कसलंतरी पांढरं भरलेलं आहे, ते भिंतीपासून सुटून सुकलेल्या पुरीसारखं वर आलंय.

मग टोचायला लागले. कड्या नऊ आहेत. डावीकडच्या पहिल्या दोन कड्यांच्या भिंतीकडच्या टोकांत स्क्रू ड्रायव्हर गेला. मी पाव इंच मोजायच्या तयारीनं पट्टी आणली होती, तिची गरजच पडली नाही. मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तर त्याच्या टोकाला ओला, काळपट, चहाच्या चोथ्यासारखा गर होता आणि वास अळंब्यांचा. आणि माझ्या डोक्यावर बरोबर वर काय, तर तुळस.

तिसरी कडी अर्धवट. बाकी सहा ठणठणीत, टोच्या सरकतो, आत जात नाही. खांब तीन. दोन सिमेंटच्या चौथऱ्यावर आहेत, तिसरा माळ्यानं भोवती माती चढवून गाडल्यासारखा केलाय. तो पायाशी मऊ आहे, पण वरवर.

गिरमिटदादा, कड्यांचं लाकूड फिकट आहे आणि त्यावर चट्टेपट्टे आहेत, मासळीच्या खवल्यांसारखे चमकतात. हे काय?

वर येऊन ह्यांना उठवलं. स्क्रू ड्रायव्हर दाखवला. काही बोलले नाहीत, दोरी आणायला उठले. आता डेकच्या दारात आडवी दोरी बांधली आहे. संध्याकाळचा चहा स्वयंपाकघरात.

गिरमिट · २० एप्रिल

खवल्यावानी चमक म्हंजी सिल्व्हर ओकच. सांगिटलं व्हतं.

उथळा · २१ एप्रिल

दोरी बांधलीत हे उत्तम केलंत. आता दोन गोष्टी. आजच्या आज त्या डाव्या कोपऱ्याखाली दोन टेकू लावून घ्या, स्लॅबच्या सेंट्रिंगला वापरतात ते लोखंडी जॅक भाड्यानं मिळतात. खाली रुंद फळी ठेवा, नाहीतर जॅक मातीत रुतेल. हा इलाज नव्हे. दुरुस्तीवाला वर चढला तर तो खाली येऊ नये एवढ्यासाठीच.

दुसरं, तुमची भिंत कशाची आहे? जांभ्याची असेल तर बोल्ट मारून मोकळे होऊ नका. जांभा भुसभुशीत आणि छिद्राळ, फुगून धरणारे अँकर फास्टनर त्यात पकड घेत नाहीत, घट्ट आवळला की भोकच मोठं होतं.

किल्ल्यासमोर · २१ एप्रिल

जांभाच. आणि जॅक आले, संध्याकाळी लागतील. सासूबाई ८६ वर्षांच्या आहेत, त्यांना तुळस हलवायची म्हटल्यावर त्या जेवायला बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुळशीनं घर पाडलं असं म्हणतेस?"

उथळा · २१ एप्रिल

आईंना सांगा, तुळशीचा दोष नाही, कुंडीखाली विटा न ठेवणाऱ्या सुनेचा आहे. जेवतील.

जांभ्याची भिंत असेल तर माझं मत असं की भिंतीचा आधारच सोडा. भिंतीपासून फूट-दीड फूट अलीकडे तीन नवे खांब उभे करा, त्यावर १६ फुटांची तुळई, आणि कड्या त्या तुळईवर टेकू द्या. डेक स्वतःच्या पायावर उभा राहील. भिंतपट्टी मग नावापुरती उरते, ती काढूनच टाका आणि तिथं दोन बोटांची फट ठेवा. पाणी सरळ खाली पडेल. मात्र उतारावर घर बांधताना पायालगत भराव टाकलेला असतो. खांबाचा खड्डा त्या भरावातून खाली मूळच्या मुरमापर्यंत न्या. भरावावर उभा केलेला खांब पहिल्याच पावसात बसतो. आणि चारही बाजूंनी सुटा डेक आडवा झुलू शकतो, म्हणून खांबांना तिरप्या पट्ट्या विसरू नका. दोघांनी वर उभं राहून डावीकडे-उजवीकडे अंग टाकून बघायचं. होडीसारखं वाटलं तर पट्ट्या कमी आहेत.

कुजलेल्या दोन कड्या पूर्ण बदला. तिसरीच्या शेजारी नवी जोडून आरपार बोल्ट मारले तरी चालेल, पण कुजका भाग आधी तासून काढायचा. तो ठेवलात तर नव्याला लागेल.

कोयनाकाठची_आजी · कराड · २३ एप्रिल

दोरी बांधलीत ते वाचून बरं वाटलं. मी मुलाकडे कॅलिफोर्नियात सहा महिने होते. त्याच्या बिल्डिंगला एक दिवस माणूस आला, बाल्कनीच्या खालच्या बाजूला लहानसं भोक पाडून त्यातून वायरीसारखा कॅमेरा आत घालून बघत होता. मी मुलाला विचारलं, हे काय? तेव्हा त्यानं सांगितलं. बर्कलीला १६ जून २०१५ ला वाढदिवसाच्या पार्टीत एक बाल्कनी तुटली. सहा विद्यार्थी गेले. सगळी विशी-बाविशीतली पोरं. आतलं लाकूड कुजलेलं होतं आणि बाहेरून गिलावा ठीकठाक. त्यानंतर २०१८ ला तिकडे कायदा झाला, सिनेट बिल ७२१. तीन किंवा जास्त बिऱ्हाडांच्या इमारतीत जमिनीपासून सहा फुटांच्या वर असलेल्या लाकडी बाल्कन्या, जिने, डेक दर सहा वर्षांनी तपासायचेच.

मुलगा म्हणाला, तिकडे त्याला "कोरडी कुज" म्हणतात. पण लाकूड कोरडं असेल तर कुजेलच कसं? नाव कुणी ठेवलं कोण जाणे. आणि कठड्याला कुठेही २०० पौंडांचा रेटा सोसला पाहिजे आणि दोन गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये, असाही नियम आहे. नातवंडाचं डोकं अडकू नये म्हणून. तुमच्याकडे आता नातवंड येणार, म्हणून लिहिलं.

संगमावर · हरिपूर, सांगली · २४ एप्रिल

वाळण्याबद्दल थोडं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमचा लाकडी माळा आठवडाभर पाण्यात होता. पाणी उतरलं, ऊन पडलं, पंधरा दिवसांत लाकूड पांढरं दिसायला लागलं. मी घाईनं ऑइलपेंट दिला. दिवाळीत रंगाला फोड आले, फोडला तर आतून पाणी. लाकूड बाहेरून वाळतं ते बघून फसू नका. नव्या कड्यांना तेल लावायचं ते चांगल्या वाळलेल्या लाकडालाच, आणि कापलेल्या टोकांना दोनदा. पाणी टोकातून पितं, अंगातून कमी.

किल्ल्यासमोर · ९ जून

उशिरा लिहिते, माफ करा. घरात कार्य होतं.

डोहाळजेवण पुढच्या अंगणात झालं. मांडव घातला. किल्ला फोटोत आला नाही, त्याऐवजी शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आली. लेक दोन दिवस बोलत नव्हती. मग तिला खाली नेलं, म्हणजे डेकखाली नव्हे, परसात, आणि काढून ठेवलेली कडी दाखवली. तिनं नखानं टोक उकरलं आणि पोटावर हात ठेवून घरात गेली. नंतर विषय काढला नाही.

काम ५ जूनला संपलं. पहिला सुतार यायला तयार नव्हता, म्हणाला, "एवढ्याची गरज नाय." दुसरा मिळाला. तीन खांब, सागाच्या गाभ्याचे, दगडी उथळ्यावर. उथळे नवे घडवून घेतले, काका, तुमच्या नावाला जागून. खड्डे साडेचार फूट गेले तेव्हा मुरूम लागला. तुळई, दोन नव्या कड्या, एक जोडकडी, तिरप्या पट्ट्या, भिंतीकडे दोन बोटांची फट. माळ्यानं चढवलेली माती काढली, तो खांब आतून शाबूत निघाला. सगळे मिळून ६८ हजार. हे म्हणतात एवढ्यात हॉल झाला असता. मी म्हटलं, हॉलमध्ये चहा कुठे मिळतो.

कठडा ३४ इंच होता, तो चाळीस केला. गजांत चेंडू जात होता. मध्ये आणखी एकेक गज घातला.

भिंतपट्टी काढताना मोळे उपसायला पक्कड लागली नाही. बावीसपैकी चौदा हातानं निघाले. आणि मागे माझं पोस्टकार्ड मिळालं, ओलं होऊन भिंतीला चिकटलेलं.

तुळस अंगणात वृंदावनात गेली. सासूबाई रोज सकाळी तिथवर चालत जातात. डॉक्टर गेली दोन वर्षं तेच सांगत होते.

उथळा · ९ जून

ताई, छान. एक राहिलं. नवं लाकूड पहिल्या वर्षी आकसतं, बोल्ट आपोआप सैल होतात. दसऱ्यानंतर पाना घेऊन खाली जा. आणि आज, पाऊस धरायच्या आत, प्रत्येक नटावरून वायसरवर आणि लाकडावर येईल अशी रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते.

किल्ल्यासमोर · ९ जून

रंग नाही घरात. लेकीचं नेलपॉलिश चालेल? लाल आहे.

उथळा · ९ जून

पळेल.

किल्ल्यासमोर · २८ ऑक्टोबर

काका, आज गेले होते. फटी साफ, खांबांचे पाय कोरडे, टोच्या कुठं गेला नाही. दोन फळ्यांवर शेवाळ होतं, धुण्याचा सोडा आणि काथ्याच्या ब्रशनं निघालं. नट चौदा. रेघ एकाचीही तुटली नव्हती, म्हणून परतच येणार होते. मग सहज एका वायसरला बोट लावलं तर तो गोल फिरला. नट जागच्या जागी होता, लाकूड त्याच्यापासून मागं सरकलेलं. मग पाना लावला, तर चौदापैकी नऊ फिरले, काही अर्धा फेरा, एक चक्क सव्वा.

म्हणजे नेलपॉलिशच्या भरवशावर राहू नये ना?

उथळा · २८ ऑक्टोबर

बरोबर. ते माझं चुकलं. रेघ नट फिरला तर सांगते, लाकूड आकसलं तर नाही. वायसर फिरवून बघायचं, हे मी आता लिहून ठेवतो. नातू की नात?

किल्ल्यासमोर · २८ ऑक्टोबर

नात. आत्ता डेकवरच झोपलीय, पाळण्यात. पाळणा चौथ्या कडीवर ठेवलाय, ठणठणीत वाजते ती.